माझे धागे कोण ओढतंय?

आधी पाय पुसा, मित्रांनो, मग आत या. आणि माझ्या कोपऱ्याला हात लावू नका. मी एक जुनं काथ्याचं पायपुसणं आहे, आणि हल्ली माझा कुणावरही विश्वास नाही.

नारळाची सोडणं भिजवून, बडवून, पिळून मला विणलं. या घरात आलं तेव्हा माझं काय कौतुक! "केवढं दाट आहे!" असं म्हणत शेजारीणसुद्धा उगाच दोनदा पाय पुसायची. पुढे सवय झाली. मला झटकायचंही कुणाला सुचेना. तरी मी मुकाट्याने उंबरठ्याशी पडून होतं.

मग माझा डावा कोपरा विरळ व्हायला लागला. रोज थोडा. कुठेतरी पाणी मुरत होतं खास! पहिला संशय शेजारच्या कुत्र्यावर. पण ते बिचारं नुसतंच लोळून जायचं. मग दूधवाल्यावर, त्याच्या बुटांना खिळे होते ना! मग उंदरावर. घरातली सूनही उंदरालाच बोल लावायची.

एका दुपारी सून कामावर गेली आणि चोर सापडला. तिचे सासरे! आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. हळूच खाली बसले, चिमटीत धरून माझे धागे उपसले आणि कात्रीने बोटाएवढे तुकडे केले. लांब धागा पाखराच्या पायात अडकतो म्हणे. फुंकर मारून ते समोरच्या पिंजऱ्यात ठेवले. तिथे फिंचची जोडी राहते, चिमणीपेक्षाही लहान पाखरं. मागच्या वेळी नुसत्या गवताचं घरटं ढासळून त्यांची अंडी फुटली होती. म्हातारे दोन दिवस धड जेवले नव्हते.

"काथ्या म्हणजे नारळाचाच. निखळ नैसर्गिक!" ते नराला म्हणाले. नराने माझा तुकडा चोचीत धरून घरट्यात खोचला. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. पण सुनेपासून लपवायचं कशाला? मला ते खटकलंच.

थोड्याच दिवसांनी सुनेने मला उचललं. साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या होत्या. तिने इकडेतिकडे बघितलं, माझ्या खाली आणि धाग्यांत पांढरी पावडर भुरभुरली आणि पुटपुटली, "बाबांना सांगू नकोस हं!" जसं काही मी बोलणारच होतं! म्हाताऱ्यांनी पाखरांसाठी घरात विष आणायचं नाही असं बजावलं होतं ना.

दोघांची चोरी, आणि दोन्ही माझ्याच अंगावर!

दुपारी म्हातारे पुन्हा कात्री घेऊन आले. अहो, नका! पण मला कुठलं तोंड? तुकडे पिंजऱ्यात गेले. मादी घरट्यात शिरली. माझा जीव टांगणीला लागला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, सून आत असताना, म्हातारे कात्री घेऊन माझ्याजवळ बसले आणि थबकले. दारातून आलेली मुंग्यांची रांग माझ्यापाशी येऊन लांबून वळसा घालत होती. आयुष्यभर सरळ शिवणीवर नजर ठेवलेला माणूस तो. वाकडी रांग त्यांना बरोबर दिसली.

"सूनबाई! या पायपुसण्याखाली काय टाकलंयस?"

ती बाहेर आली आणि त्यांच्या हातातली कात्री तिला दिसली. "म्हणजे धागे तुम्ही ओढता होय? आणि मी उंदराला शिव्या घालतेय!"

"अगं, आधी सांग ना, काय टाकलंयस?"

तिचा चेहरा उतरला. "पावडर. मुंग्यांची. पण बाबा, तुम्ही ते धागे..."

पिंजऱ्याकडे बघून ती धावलीच. तिने आख्खं घरटं बाहेर काढलं, नराने बोटाला टोचलं तरी सोडलं नाही. म्हाताऱ्यांनी पाणी बदललं. मादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती. दिवसभर सासरे-सून पिंजऱ्यासमोरून हलले नाहीत. दिवे लागले तेव्हा मादीने एक दाणा टिपला, आणि सून ओक्साबोक्शी रडली.

आता दोघं मिळून ताज्या नारळाची सोडणं आणतात, उकळतात, उन्हात वाळवतात. नव्या घरट्यात पिल्लं आहेत. मला खळबळून धुतलंय. तरी सून रोज मला उचलून खाली डोकावते. डोकावू दे. मीही तिच्यावर डोळा ठेवून असतं.

मित्रांनो, पाखरांसाठी काडी, गवत, धागा जरूर गोळा करा. पण त्यावर काय पडलंय ते आधी घरातल्यांना विचारा. माणसांनाच विचारा. मी सगळं बघत होतं, पण मला सांगता आलं नाही.