सातवी फाइल

घरात तिला अजून 'नवी'च म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली, केसांत पांढरं डोकावू लागलं, तरी सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "नवी कामावर गेलीय." त्यात कुजकेपणा नव्हता. आधी एक होऊन गेली, ती पहिली. मग ही नवी, इतकं साधं होतं ते.

पहिली गेली तेव्हा तिची मुलगी नऊ महिन्यांची होती. ती चिमणी आता वीस वर्षांची, शिकायला परगावी राहणारी, नवीला मावशी म्हणणारी. सुट्टीत माळा आवरताना तिला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक जुनी हार्ड डिस्क सापडली.

"आईची असणार," चिमणी म्हणाली. "बाबा म्हणाले, टाकून दे. यातलं काही निघेल का गं मावशी?"

"बघते. पण वचन देत नाही."

नवीचं पोट याच कामावर होतं. कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांना नवी सिस्टिम बसवून द्यायची. पहिलीचंही काम जवळपास हेच. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने दोनदा लग्न केलं आणि दोन्ही वेळा मशीनशी पुटपुटणारी बायको आणली, असं म्हणून नातेवाईक हसत. नवी मात्र त्यात हसत नसे. ती काम करायची ती खोली पहिलीची, टेबलही तिचंच. टेबलाच्या कडेला कोपर टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली होती, आणि नवीचं कोपर न ठरवता बरोबर तिथेच जाऊन बसे.

चिमणी परत गेली आणि नवीने सोमवारी रजा काढली. डिस्क जोडली. आधी खरखर, मग एक बारीक शीळ, आणि इतक्या वर्षांनी ती फिरू लागली. नवीने पहिल्यांदा तिची जशीच्या तशी प्रत काढून घेतली; जुन्या डिस्कचा काही भरवसा नसतो, एकदा फिरेल, दुसऱ्यांदा डोळे मिटेल. पण प्रत उघडायला गेली तर मशीनने सरळ हात वर केले. असली फाइल सिस्टिम आपल्या ओळखीची नाही.

त्यातही नवल नव्हतं. डिस्कवर फाइली कशा मांडून ठेवायच्या याची प्रत्येक काळाची एक रीत असते. पहिलीने वापरलेली रीत केव्हाच मागे पडली होती. हल्लीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अशा रीती वाचायला विसरलेला नसतो. सिस्टिम तयार करून देणारे त्या बंद करून देतात, एवढंच. म्हणजे आपला कर्नल आपणच बांधायला हवा.

नवीने यादी उघडली. हजारो ओळी, प्रत्येकीला एकच प्रश्न: हे हवं, नको, की लागेल तेव्हा बाहेरून जोडायचं? जुन्या फाइल सिस्टिमी 'इतर' नावाच्या एका मथळ्याखाली होत्या, आणि तो मथळा चालू केल्याशिवाय खालचं काही दिसतच नव्हतं. तिने तो चालू केला. एकेक नाव वर आलं, बंद घराच्या दारावरच्या पाट्यांसारखं. हवी ती ओळ सापडली. 'बाहेरून जोडायचं' असं उत्तर देऊन तिने कर्नल बांधायला लावला आणि सासूबाईंना चहा करून दिला. तासाभराने मशीन नव्या कर्नलवर सुरू झालं आणि पुन्हा तेच बोललं: ओळखीची नाही. जोडायचा तुकडा जागेवर ठेवायचाच राहून गेला होता. स्वतःवर चिडून तिने त्या ओळीपुढे सरळ 'हवं' असं ठेवलं, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

जेवणं उरकली तेव्हा डिस्कची प्रत उघडली. नवीने ती फक्त वाचण्यापुरतीच उघडली होती, तिथलं एक अक्षर हलणार नाही अशी.

आत फाइली थोड्याच होत्या. त्या रीतीत नावाला चौदाच अक्षरं मिळत, म्हणून नावं आखूड. एका फाइलीत पहिलीने आपल्या कर्नलच्या नोंदी ठेवल्या होत्या. साउंड कार्ड चालत नव्हतं म्हणून ती दर वेळी एखादी ओळ बदलून नवा कर्नल बांधत होती. "तिसरा. हे बंद केलं तर मशीन मुकं. चालूच ठेव बाई." "चौथा. आवाज येतो पण नाकातून." नवी वाचता वाचता थांबली. जुन्या प्रती ठेवायच्या फोल्डरला पहिलीने 'आधीचं' असं नाव दिलं होतं. नवीच्या मशीनवरही तोच फोल्डर होता, त्याच नावाचा. कुणी शिकवलं नव्हतं. मानेवर कुणाचा तरी श्वास लागावा तसं तिला झालं आणि तिने उगाचच मागे वळून पाहिलं. खोलीत लख्ख ऊन होतं.

साउंड कार्ड तपासायला पहिलीने केलेल्या आवाजाच्या फाइली सात होत्या. त्यातली पहिली फाइल लावली तर चिरकी किंचाळी निघाली. वेग चुकला होता. तिने तो कमी केला, आणि स्पीकरमधून एक बाई मोकळ्या आवाजात बोलली.

"एक, दोन, तीन. आई, ऐकू येतंय का?"

"येतंय गं," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "येतंय."

सासूबाई दारात आल्या. त्या मटार सोलत होत्या. ओंजळीत सालं तशीच होती. त्या नवीकडे बघत नव्हत्या, स्पीकरकडे बघत होत्या.

"परत लाव."

नवीने परत लावली. सासूबाईंनी परत उत्तर दिलं. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"रोज विचारायची," त्या म्हणाल्या. "इथून ओरडायची, मी तिकडून 'येतंय' म्हणायची. खेळच होऊन बसला होता. त्या दिवशी पण ओरडली. मी फोडणीपाशी होते. म्हटलं, दिवसातून दहादा काय उत्तर द्यायचं, आणि गप्प राहिले. दीड तासाने जेवायला बोलवायला आले तर खाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर." त्यांनी सालं एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतली. "मी हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या मुलालाही नाही. ती मशीनला बोलवत नव्हती, मला बोलवत होती."

नवीने त्यांच्या मुठीतली सालं काढून घेतली, त्यांना आत नेऊन झोपवलं आणि परत येऊन टेबलापाशी बसली.

सातव्या फाइलीवर तारीख होती ती पहिली गेली त्याच दिवसाची. बाकीच्या फाइली अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या. ही बावन्न मिनिटांची. रेकॉर्डिंग बंद करायला कुणी नव्हतं म्हणून डिस्क भरेपर्यंत ते चालत राहिलं होतं.

ती पुसून टाकावी असं नवीच्या मनात येऊन गेलं. कुणाला कळलंही नसतं. मग तिने हेडफोन घातले.

एक, दोन, तीन. आई, ऐकू येतंय का? त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि काहीतरी जड जमिनीला टेकल्याचा. कण्हणं नाही, हाक नाही. फोडणीचा चर्र आवाज दुरून आला. तिसऱ्या मिनिटाला, लांबून, भांड्यांच्या आवाजातून, तरुण गळ्याच्या सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणालीस गं? इथे काही कळत नाही." मग काहीच नाही. पंखा. विसाव्या मिनिटाला तान्ही चिमणी पलीकडे जागी झाली, रडली, आणि कुणीतरी गुणगुणत तिला उचललं. त्यानंतर पुन्हा पंखा. नवीने बावन्न मिनिटं पूर्ण ऐकली. मध्ये उठणं तिला बरं वाटेना. त्या खोलीत त्या बाईला एकटं टाकून उठल्यासारखं झालं असतं.

दिवेलागणीला तिने सासूबाईंना सांगितलं.

"आई, तुम्ही गप्प नव्हता राहिलात. तुम्ही विचारलं होतंत, काय म्हणालीस म्हणून. त्यात आहे. आणि त्याआधीच ती पडली होती. पुन्हा हाक मारली नाही तिने."

सासूबाईंनी विचारलं, "उत्तर आलं नाही तेव्हा मी आत का नाही आले?"

नवीने याला उत्तर बनवून दिलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने सासूबाई उठल्या आणि मटार घेऊन स्वयंपाकाला लागल्या. पण त्या रात्री पहिल्यांदाच त्यांनी मुलाला जेवणानंतर थांबवून घेतलं आणि त्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "आई, मी पण त्या दिवशी दुकानातून फोन करणार होतो. केला नाही."

शनिवारी चिमणी आली. नवीने तिला सहा फाइली ऐकवल्या. चौथीत तिचा बाप हसत होता, अगदी पोट धरून, आणि पलीकडे एक बाळ रडत होतं. "ही मी?" चिमणीने विचारलं. "तूच," नवी म्हणाली. नवऱ्याचं असं हसणं नवीने अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं, पण ते ती बोलली नाही.

"सातवी पण आहे," नवीने मग सांगितलं. "त्या दिवसाची. काय आहे ते तुला सांगते. ऐकायची की नाही ते तू ठरव. आज नाही ठरवलंस तरी चालेल, मी जपून ठेवीन."

तिने सांगितलं, काही न लपवता. चिमणी नखाने टेबलाची कड खरवडत ऐकत होती.

"तू ऐकलीस?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

चिमणीने मान हलवली. "मग राहू दे," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकली ना. कुणी नव्हतं तेव्हा तिथे."

तिने पुन्हा पहिली फाइल लावली, आवाज मोठा केला, आणि आजीला ऐकू जाईल असं खोलीचं दार उघडं ठेवलं.