खजिनदाराचं गणित

घरचा हिशेब पैशाला पैसा जुळवणारी पोरगी गणितात नापास होते, हे काही केल्या कारकुनाच्या डोक्यात शिरेना. शाळेतल्या बाईंनी प्रगतीपुस्तक पुढे सरकवलं तेव्हा त्याला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं असेल. पण त्यावर नाव त्याच्याच लेकीचं होतं.

हा गोदामातल्या वजनकाट्यावरचा कारकून. पगाराच्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं मांडली जात: भाडं, किराणा, वीज, थोरल्या मुलाची फी, आजारपण आणि शिल्लक. एका पाकिटातला पैसा दुसऱ्यात जाणार नाही, हा नियम. त्या बाबतीत तो भलताच कडक होता. त्याच्या वडिलांचा जन्म उधारीत गेला होता. दुकानदार समोरून दिसला की ते रस्ता बदलत, आणि त्यांचा हात धरून त्यानेही लहानपणी पुष्कळदा रस्ता बदलला होता. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

लेक कळती झाली तशी पाकिटं त्याने तिच्याच हाती सोपवली. पोरीनेही काम असं चोख केलं की घरात तिचं नाव पडलं खजिनदार. "मला साधी कढई घ्यायची तर हिच्याकडे अर्ज करावा लागतो," असं तिची आई येईल-जाईल त्याला सांगायची, आणि हे ऐकून कारकुनाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शाळेतून निघून दोघं बसथांब्यावर आली. तो घुश्शातच होता. लांबून एक बस येताना दिसली.

"आपली आहे का बघ गं," तो म्हणाला.

लेकीने बसकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं रांगेतल्या माणसांकडे. "नसावी. कुणी हललं नाही."

"माणसांकडे काय बघतेस? नंबर वाच की."

"जवळ आली की वाचते."

कारकुनाने आवाज खाली आणून विचारलं, "आणि फळ्यावरचं?"

"शेजारणीच्या वहीतून उतरवते. तिचं चुकलं की माझंही चुकतं."

"कधीपासून चाललंय हे?"

"झालं असेल दीडेक वर्ष."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"चष्मा कुठल्या पाकिटातून घ्यायचा?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. "आजारपणाच्या पाकिटात होते पैसे. पण मी आजारी कुठे होते?"

आता बापाने रागवायचं तर कुणावर? पैसे नाहीत म्हणून पोर गप्प बसली असती तर एक वेळ समजलं असतं. इथे पैसे होते, तिच्याच हाताखाली होते, किती होते ते तिला तोंडपाठ होतं. तरी तिने नियम मोडला नाही. उधळी पोरं कशी सांभाळायची हे सांगणारे गावभर भेटतात. शहाण्या पोराने शहाणपणाचा अतिरेक केला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. कारकुनाने तिचा हात धरला आणि मागून आलेली त्यांची बस सोडून दिली.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून झाले. नंबर ऐकून दुकानदाराने कारकुनाकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. लेक मात्र एकेक फ्रेम उलटी करून, नाकाशी धरून किंमत वाचत होती. सगळ्यांत स्वस्त, आजोबा लोकांची वाटावी अशी फ्रेम तिने निवडली.

"आवडलेली घे," तो म्हणाला.

"पण पाकीट?"

"शिल्लक फोडू."

"तुम्हीच म्हणता, ती पुढच्यासाठी आहे."

"तू पुढची नाहीस तर कोण आहे गं?"

तिने बराच वेळ लावला. शेवटी निळ्या कडांची फ्रेम उचलली, दुकानदाराशी घासाघीस करून डबी फुकटात मिळवली, आणि मगच पैसे देऊ दिले.

दुसऱ्या दिवशी चष्मा तयार झाला. तो घालून ती दुकानाच्या दारात उभी राहिली. बाप तेवढ्यात रस्त्यापलीकडे पान खायला गेला होता. तिथून त्याने हात हलवला. तिनेही हलवला, आणि तो परत येईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "गेल्या वर्षी मला स्टेजवर बक्षीस मिळालं होतं, तेव्हा तुम्ही आला होतात?"

"म्हणजे काय? शेवटच्या रांगेत होतो. सारखा हात हलवत होतो. तू बघितलंसच नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत. अर्ध्या दिवसाचा पगार कापतात ना. म्हटलं, बरोबरच केलंत. म्हणून कधी विचारलं नाही."

कारकुनाने उगाचच चष्म्याची डबी तिच्या हातातून घेतली.

"मग कापला होता का पगार?" तिने विचारलं.

"कापला."

"किती?"

तो आकडा त्याला पैशासकट पाठ होता. "आठवत नाही," तो म्हणाला.