तिकोनी तारे

आमचे हे बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. पोलादी गोळ्या मोजायच्या आणि एखादी केसभर जरी वाकडी निघाली तरी भंगारात फेकायची, यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर गोळ्या मिळेनात, म्हणून मोर्चा घराकडे वळला. मी घातलेल्या कपड्यांच्या घड्या नापास, शेजाऱ्यांनी लावलेली गाडी नापास, मुलीला आवडलेला पहिला मुलगा नापास, दुसरा तर दारातूनच नापास.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, जरा आकाशाकडे बघा. तिथलं कुणी उलट बोलणार नाही."

लगेच दुर्बीण आली. पिंपाएवढी नळी, तळाशी मोठा आरसा, तोंडाशी छोटा तिरका आरसा आणि बाजूला कॅमेरा. पहिला फोटो लॅपटॉपवर उघडला आणि यांचा चेहरा पडला. एकूण एक तारा तिकोनी!

मग काय विचारता! आधी वाऱ्याला शिव्या झाल्या. मग गच्चीत फेऱ्या मारणाऱ्या शेजाऱ्यांना. मग मला, कारण मी म्हणे जवळ उभी राहून श्वास सोडते आणि आरशावर दव धरतं. आता श्वासही नापास! दुर्बीण हलली असती तर तारे लांबट आले असते. आरसे तिरके बसले असते तर ताऱ्यांना शेपट्या फुटल्या असत्या. हे सगळं यांनीच मला जेवताना समजावलं. पण तिकोनी कशाने, ते काही सापडेना. इलाज मात्र दरवेळी एकच, अजून घट्ट करा. मोठा आरसा तीन पकडींनी धरलेला असतो. त्या पकडींच्या स्क्रूंना हे रोज पीळ देत.

अशात मुलीने सांगितलं की रविवारी ती त्याला घरी आणतेय. तो म्हणजे बेकरीवाला. स्वतःची छोटी बेकरी आहे, स्वतःच पाव भाजतो.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी यालाही नापास केलं ना, तर मी लग्न करून मोकळी होईन. आणि परत या घराची पायरी चढणार नाही."

आमची मुलगी उगाच धमक्या देणाऱ्यातली नाही.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली तेव्हा यांनी मोठा आरसा काढून जेवणाच्या टेबलावर मांडला होता. पाहुणा दारात, आणि यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात कोंबला. "तिन्ही घट्ट कर. चांगले पिळून!" असं म्हणून हे दार उघडायला गेले.

माझं डोकंच फिरलं. चहा टाकू की आरसे पिळू? रागाच्या भरात तिन्ही स्क्रू उलटे फिरवले. मग भीती वाटली, पडून फुटला तर? पकडीखाली कागद सरकेल एवढी फट ठेवून थांबले.

बाहेर परीक्षा सुरू झाली होती. "तुमचे सगळे पाव एका मापाचे होतात?"

"नाही काका. हाताने करतो, थोडं उन्नीस-बीस होतं."

मी डोळे मिटून घेतले. गेला बिचारा.

पण अंधार पडल्यावर हे सगळ्यांना गच्चीत घेऊन गेले, दुर्बीण जोडली, आरसे एका रेषेत आणले आणि फोटो काढला. तारे गोल! अगदी टिंबासारखे. हे लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. "बघितलंत? पीळ द्यावा लागतो!" मग बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यालाही जरा पीळ दिला की होईल नीट. दोन वर्षं थांबा. मशीनवर एकसारखे पाव करायला शिकू दे, मग लग्नाचं बघू."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला राहवेना.

"अहो, मी ते सैल केलेत."

"काय?"

"तिन्ही स्क्रू. तुम्ही घट्ट कर म्हणालात, मी सैल केले."

"म्हणजे आरसाच आवळला जात होता, बाबा," मुलगी म्हणाली. "तीन पकडी, तीन कोपरे."

यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता हसतील. खरंच वाटलं हो! पण यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गुडघे टेकून दुर्बिणीचं बूड उघडायला बसले.

"अहो, तारे गोल आलेत ना?"

"आले असतील. पद्धत चुकीची आहे."

"आणि आमचं, बाबा?" मुलीने विचारलं.

"सांगितलं ना, दोन वर्षं."

मुलगी उठली. त्याला म्हणाली, "चल." ती दोघं जिना उतरायला लागली आणि मीही मागोमाग निघाले. मधल्या पायरीवर बसले, तिला ओढून शेजारी बसवलं. रडत होती. बेकरीवाला समोर अवघडून उभा होता.

"काकू, काकांचं काय करायचं?"

"त्यांना यायचं तर येतील. मी येणार आहे. तू लग्नाची तारीख सांग."

त्याने तारीख सांगितली. तेवढ्यात वरून हाक आली, "अगं, वर ये! हे धरायला कुणीतरी हवं!"

मी म्हटलं, "ही तारीख चालेल," आणि आम्ही खाली उतरलो.