क्रॅबट्री कुठे खेळतो?

मी एक जुना पुठ्ठा आहे, खेळायच्या पत्त्यापेक्षा थोडा लहान आणि स्वभावाने भित्रा. हे आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, म्हणजे पुढे लढाई आली की तुम्ही माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही.

लोक मला बेसबॉलचं कार्ड म्हणतात. माझ्या एका बाजूला ओटिस क्रॅबट्री या मोठ्या कानांच्या खेळाडूचं रंगीत चित्र आहे. पाठीवर बारीक अक्षरांत त्याची माहिती आहे: सेंट लुईच्या संघातून खेळतो, फावल्या वेळात मधमाश्या पाळतो. छापखान्यात एका मोठ्या तावातून आम्हा भावंडांना कापून वेगळं केलं. त्या पात्याचा आवाज ही माझी पहिली आठवण, आणि भीतीही तिथलीच. मग च्युइंगमच्या वडीबरोबर मला मेणकागदात गुंडाळलं.

कागद सुटला तेव्हा मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डब्यूक गावातल्या लायल स्टाइनकँपच्या हातात होतो. तेव्हा तो शाळकरी पोर होता. मी त्याचं पहिलं कार्ड, म्हणून त्याने माझी पाठ इतक्या वेळा मोठ्याने वाचली की परसातल्या कोंबड्यांनाही क्रॅबट्री तोंडपाठ झाला असेल.

त्या गावातली पोरं कपड्यांच्या चिमट्याने कार्ड सायकलच्या चाकाला लावायची. चाक फिरलं की आऱ्या त्यावर आपटून मोटरसायकलसारखा फटफट आवाज यायचा. पोरांची मजा व्हायची आणि आमच्या चिंध्या. लायलच्या बापाला सायकल परवडत नव्हती, म्हणून मी वाचलो. गरिबीचे आभार मानणारा पुठ्ठा मी एकटाच असेन.

पुढे जर्मनीशी लढाई आली आणि सरकारला दारूगोळ्याची खोकी बनवायला रद्दी हवी झाली. शाळेतल्या मुली हातगाडी घेऊन दारोदार फिरू लागल्या. लायल फौजेत जायला निघाला होता. त्याची आई म्हणाली, "आपलं आडनाव जर्मन. रद्दी द्यायला आपण मागे राहिलो तर शेजारीपाजारी काय म्हणतील?" लायलने सगळ्या कार्डांची खोकी उचलून गाडीवर ठेवली. गाडी हलली. गिरणीत कागदाचा लगदा करतात हे आम्ही ऐकून होतो. मी अक्षरशः गारठलो.

तेवढ्यात लायल धावत आला, झाकण उघडलं आणि मला उचललं.

"अरे, देशासाठी दिलंस ना ते?" आई ओरडली.

"एका पुठ्ठ्याने आपण लढाई हरत नाही गं, आई!"

माझी भावंडं गेली. मी त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात बसून समुद्रापार गेलो.

बेल्जियमच्या जंगलात कडाक्याची थंडी होती. शत्रूने अचानक मुसंडी मारली, लायलची तुकडी पांगली आणि तो बर्फात एकटाच वाट शोधत राहिला. जर्मन हेर अमेरिकन गणवेश घालून फिरताहेत, अशी सगळीकडे आवई होती. त्यामुळे जो तो आपल्याच माणसाला घाबरत होता. भर दुपारी धुकं इतकं दाट होतं की झाडं चालताहेत असं वाटायचं.

"हात वर! जागचा हलू नकोस!"

दोन पहारेकरी होते. एक कोवळा, डेन्बी नावाचा, बंदूक रोखलेला. दुसरा कॉर्पोरल लुपो, नाक वाहत असलेला.

"नाव बोल," डेन्बी म्हणाला.

"लायल स्टाइनकँप."

"ऐकलंस लुपो? नावच जर्मन!"

"अरे बाबा, मी आयोवाचा. माझी आजी तिकडून आली होती, एवढंच."

"आज्या त्यांनाही असतात," डेन्बी म्हणाला. "आपला आहेस ना? मग सांग, ओटिस क्रॅबट्री कुठे खेळतो?"

माझंच नाव! क्षणभर मी सुखावलो. आता सुटलो, असं वाटलं.

"सेंट लुई," लायल म्हणाला.

डेन्बीच्या बंदुकीचा खटका वाजला. "सेंट लुई? त्याला क्लीव्हलंडला जाऊन वर्षं झाली! शेंबड्या पोरालाही माहीत आहे!"

खरं होतं ते. क्रॅबट्रीने संघ बदलला तेव्हा लायल घरात तोंड पाडून बसला होता, मी बघितलं होतं. त्याला उत्तर येत होतं. पण जीव घशाशी आला की माणसाला काल ऐकलेलं आठवत नाही, लहानपणी घोकलेलंच तोंडात येतं. त्याने मला घोकलं होतं. माझ्या पाठीवर छापलेली अक्षरं आता त्याचा जीव घेणार होती. मला खिशातून उडी मारावीशी वाटत होती. पण त्याने खिशाकडे नुसता हात नेला असता तरी गोळी सुटली असती. त्याचं काळीज माझ्यावर धडाधड आपटत होतं, सायकलच्या आऱ्या आपटाव्यात तसं.

"थांब जरा," लुपो म्हणाला. त्याने बाहीने नाक पुसलं. "काय रे, खेळ नसतो तेव्हा हा क्रॅबट्री काय करतो?"

"मधमाश्या पाळतो," लायल पुटपुटला.

लुपो हसत सुटला. "डेन्बी, बंदूक खाली घे. जर्मन हेर असता तर ताजं उत्तर पाठ करून आला असता. हे शिळं ज्ञान गमच्या पाकिटातलं आहे. माझ्याकडेही होतं हे कार्ड."

"मग कुठंय?" लायलने विचारलं. अशा वेळीही त्याला तेच सुचलं.

"सायकलच्या चाकात वारलं."

लायलने हनुवटीने डावा खिसा दाखवला. लुपोने गारठलेल्या बोटांनी मला बाहेर काढलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, परत खिशात ठेवून बटण लावलं. "जप याला. आणि जरा पेपर वाचत जा, गाढवा!"

घामाचा डाग आणि मोडलेली कोपरं घेऊन मी लायलबरोबर घरी परतलो. त्याने पुन्हा कार्डं जमवली. दर शनिवारी गल्लीतली पोरं त्याच्या तळघरात यायची. जिन्यावर तो पोरांना अडवायचा, "क्रॅबट्री कुठे खेळतो?" आणि "सेंट लुई!" ओरडणाऱ्यालाच आत सोडायचा. त्यांत त्याची मुलगी मार्लिस सगळ्यात मोठ्याने ओरडायची. एकदा भिंग घेऊन आलेल्या जाणकाराने मला बघून नाक मुरडलं. लायलने त्याला कॉफी पाजली आणि मला परत खिशात ठेवलं.

पोरं मोठी झाली, पांगली. लायल म्हातारा झाला आणि त्याच्या डोक्यातली माणसं एकेक करून पुसली जाऊ लागली. जेवण नको, औषध नको. कोणी खोलीत आलं की तो भिंतीला चिकटायचा. त्याची भीती मला पुरेपूर ओळखीची होती. मी अजूनही त्याच डाव्या खिशात होतो.

परवा बाहेर धुकं होतं. मार्लिस औषध घेऊन आली, कोटावर बर्फ घेऊनच. लायलने काठी उगारली. "हात वर! कोण आहे?"

"डॅडी, मी मार्लिस."

"नाव कोणीही सांगेल! क्रॅबट्री कुठे खेळतो?"

मागे नवीन नर्स होती, बिचारी भली. तिने झटकन मोबाइलमध्ये बघितलं. "क्लीव्हलंड, आजोबा!"

लायलचा चेहरा पांढराफटक पडला. काठी आणखी वर गेली. त्याचं काळीज पुन्हा माझ्यावर आपटू लागलं.

मार्लिसने औषधाचा पेला खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि लहानपणी जिन्यावर म्हणायची तसं म्हणाली, "सेंट लुई. आणि फावल्या वेळात मधमाश्या पाळतो."

काठी हळूहळू खाली आली. "आपलीच आहे," लायल नर्सला म्हणाला. "ये गं, आत ये. बाहेर फार थंडी आहे." मग त्याने मार्लिसच्या हातून औषध घेतलं.

मित्रांनो, मी अजून घाबरतोच. लायल गेल्यावर या खिशाचं काय, माझं काय, मला ठाऊक नाही. जुन्या वस्तू जपा, एवढंच मागतो, आणि त्यांच्यावर काही चुकीचं लिहिलेलं असेल तर तेही तसंच राहू द्या. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचा परवलीचा शब्द आत्ताच विचारून ठेवा. एखाद्या दिवशी त्यांच्या दारात तुम्हालाही हात वर करून उभं राहावं लागेल.