मागची तारीख

नॉर्बर्ट गायेव्स्कीने पेन टेबलावरून परत ढकललं.

"मागची तारीख मी घालणार नाही."

प्रेंटिसने ते पुन्हा पुढे सरकवलं. बंद पडलेल्या काच कारखान्याच्या कचेरीत आता तो एकटाच साहेब उरला होता.

"नुसती पोच आहे, नॉर्ब. विम्याची नोटीस वेळेवर मिळाली, एवढंच. बाकीच्यांनी मुकाट सह्या केल्या."

"त्यांना मिळाली असेल. मला नाही."

नोकरी गेली, तसा कारखान्याचा सामूहिक आयुर्विमाही गेला होता. तो स्वतःच्या नावावर करून घेता येतो, त्याला डॉक्टरी तपासणी लागत नाही, हे नॉर्बर्टला फार उशिरा कळलं; चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या पंगतीत, एका जुन्या सोबत्याकडून. मुदत टळली होती. पण कारखान्याने कळवलंच नसेल, तर न्यूयॉर्कचा कायदा मुदत वाढवून देतो. या कागदावर सही केली की कारखाना सुटला आणि विमा बुडाला.

शेजारी त्याची बायको ल्यूसिल अंगातला कोटही न काढता बसली होती. हिवाळाभर नॉर्बर्टच्या खोकल्याबद्दल कुणीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर असे, "छातीत कफ आहे. ऊन पडलं की बरा होईल." घरात त्यापलीकडे कुणी बोलत नसे. नॉर्बर्टही नाही.

"एवढी घाई कशाला?" प्रेंटिस हसला. "दुसरीकडे चिकटलास की तिथला विमा मिळेलच. गडी ठणठणीत तर दिसतोय. काय हो बाई?"

नॉर्बर्ट उत्तर द्यायला गेला आणि खोकत राहिला.

"ठणठणीत?" ल्यूसिल म्हणाली. "फुप्फुसात गाठ आहे त्याच्या. पानगळ काही बघत नाही तो. मरणार आहे माझा नवरा, मिस्टर प्रेंटिस. तुमच्या भट्टीपुढे जन्म गेला त्याचा. हक्काचं आहे ते घेतल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही."

नॉर्बर्टचा खोकला थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"मला वर विचारावं लागेल," प्रेंटिस पुटपुटला.

"विचारा की. आणि मागच्या तारखेचंही सांगा त्यांना. नाहीतर राज्याच्या विमा खात्याला मी सांगते."

प्रेंटिस फोन घेऊन बाहेर गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात विमा नावावर करून घेण्याचा अर्ज होता. नोटीस दिली गेली नव्हती, असं त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. नॉर्बर्टने सही केली आणि आजची तारीख घातली.

बाहेर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. गाडीपाशी नॉर्बर्ट थांबला.

"तुला माहीत होतं."

"किल्ली दे."

"मी चालवतो ना."

"दे म्हटलं ना, नॉर्ब."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने वाद घातला नाही. ल्यूसिल स्टिअरिंगमागे बसली आणि तिने सीट आपल्या मापाची करून घेतली.