उजागरे मास्तरांची नम्रता

शांतवन उजागरे हा महाड-पोलादपूर पट्ट्यातला सर्वांत नम्र माणूस. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, म्हणून तर लोकांना कळलं. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्याने कशेडी घाटाच्या पायथ्याशी म्हाताऱ्या आनंदीबाईचं एक भातखाचर कसायला घेतलं आणि बांधावर फलक ठोकला, ‘माती देवाची, आम्ही राखणदार.’ फलकावर अक्षरांपेक्षा त्याचा फोटो मोठा होता. नांगर नाही, खत नाही, औषध नाही; जमिनीवर पेंढ्याचं पांघरूण घालायचं आणि देवाच्या कामात लुडबुड करायची नाही, असं त्याचं तंत्र. देव स्वतः काही बोलत नसल्यामुळे ते समजावून सांगायचं काम शांतवनकडेच आलं.

आनंदीबाईला तंत्राचं सोयरसुतक नव्हतं. तिच्याकडे सासूपासून चालत आलेलं तांबड्या भाताचं बी होतं. पोरं मुंबईला, आणि गावात सगळे पाकिटातलं बियाणं पेरणारे. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवूनही तिचे गुडघे काही वाकायला तयार नव्हते. यंदा पेरलं नाही तर बी जुनं होऊन मरणार, आणि ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. म्हणून तिने दोन पायल्या बी मास्तरच्या हवाली केलं.

“पण राब भाज हां,” ती म्हणाली. रोपं वाढवायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून उन्हाळ्यात भाजायच्या, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

शांतवनने दोन्ही कानांवर हात ठेवले. “काकू, मातीत कोट्यवधी जीव असतात. त्यांना जाळायचं? पाप आहे हे.”

“नाय भाजलास तर तण खाईल रे भाताला.”

शांतवन हसला. अडाणी माणसांसाठी त्याच्याकडे एक खास नम्र हसू राखून ठेवलेलं होतं.

मे महिन्यात तो पुण्याला जाऊन ‘मातीपुढे नम्रता’ या विषयावर तीन दिवस बोलून आला. जूनमध्ये पेंढा सारून बी पेरलं, पुन्हा झाकलं. देव पाखरांची काळजी घेतो, हे तो नेहमी सांगे. या खेपेस देवाने ती त्याच्याच खाचरात घेतली. होल्यांनी निम्मं बी टिपलं, उरलेलं कुजलं आणि तण मात्र तरारून वर आलं. फक्त वरच्या कोपऱ्यातल्या अंगणाएवढ्या तुकड्यात भाताची रोपं दाट उभी राहिली.

नेमक्या त्याच कोपऱ्याच्या बांधावर शांतवन रोज प्रार्थनेला बसायचा! मग काय विचारता? पुढच्याच रविवारी त्याने महाडच्या चर्चमधल्या मंडळीपुढे साक्ष दिली. न नांगरता, न भाजता, निव्वळ गुडघे टेकल्याने तरारलेला तुकडा! साक्ष पाऊण तास चालली. बाकीच्या खाचराचा उल्लेख वेळेअभावी राहून गेला.

जुलैत तण काढून तीच रोपं खाचरभर लावायची ठरली. आनंदीबाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बांधावर बसली होती. शांतवनने पहिली मूठ उपटली. मुळांत काळं काहीतरी अडकलेलं दिसलं. बोटांत चोळलं, तर कोळसा. दुसऱ्या मुठीतही कोळसा. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

“काकू, इथं राब भाजलाय?”

“भाजलाय. तू पुण्याला गेलेलास तवा. शेजारच्या हैबतीला लावला कामाला. वर माती लोटून तुझाच पेंढा पसरला.”

“पण बी तर सगळं मला दिलं होतंत ना?”

“थोडं ठेवलंवतं मडक्यात. आयतवारी तू चर्चात गेलास, तवा पेरून घेतलं.”

“अहो, मला सांगायचं तरी!”

“तू इचारलंस कधी? तू आपला सांगतच व्हतास.” तिने गुडघा चोळला. “पेंढ्याखाली गांडुळं झालीत, तेवढं तुझं खरं. पण सासूचं बी हाय रे ते. तुझ्या देवावर भरवसा हाय माझा, मास्तर. तुझ्यावर नाय.”

तोंडात मारल्यासारखं झालं शांतवनला. एका म्हातारीने जन्मभर जपलेली ठेव आपण ऐटीत पाखरांना घातली होती, आणि वर तिलाच हसलो होतो. त्याला लाज वाटली, अगदी खरीखुरी, फलकावर लिहिता न येण्यासारखी. तो वाकला आणि संध्याकाळपर्यंत चिखलात रोपं लावत राहिला. दिवसभर मास्तर एक शब्द बोलला नाही, ही गावात बातमी झाली.

नोव्हेंबरात मंडळीत नव्या पिकाचे आभार मानायची, हंगामाची उपासना होती. शांतवन तांबड्या लोंब्यांची पेंडी आणि नव्या बियाण्याची पुरचुंडी घेऊन उभा राहिला. शेवटच्या बाकावर आनंदीबाई बसली होती. तिला त्यानेच आणलं होतं. पाळकसाहेबांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

“पावसाळ्यातली माझी साक्ष खोटी होती,” शांतवन म्हणाला. “मी पेरलं ते सगळं गेलं. हे बी या काकूंनी वाचवलं, माझ्यापासून.”

आणि तो बसला. पाळकसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण पुढे काहीच आलं नाही.

परतीच्या एसटीने पोलादपूर गाठलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं हसू उगवायला लागलं.

“काकू, एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करायला किती नम्रता लागते, हे लोकांना—”

“मास्तर,” आनंदीबाईने नव्या बियाण्याची पुरचुंडी त्याच्या मांडीवरून उचलली आणि आपल्या पदरात बांधली. “बी माझ्याकडं ऱ्हाईल. तू राबाला शेण गोळा कर.”