पिकवणखोलीत बसणारी पुनम मॅडम

मी केळी पिकवणारी खोली बोलतेय. नशिराबादजवळ, हायवेला लागून एका कंपनीच्या आवारात मी उभी आहे. चोपड्याकडची हिरवी, कडक केळी माझ्यात येतात. दार लागतं, गॅस सुटतो, आणि गारव्यात ती मुकाट पिवळी होतात. मला डोळे नाहीत. मी श्वास ओळखते. फळंही श्वास घेतात.

पुनम मॅडमचा श्वास पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकले. तो अडखळत होता.

ती इथली पहिली बाई मॅनेजर. मालक बन्सीलालशेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या मॅडम बाई नाहीत, गडी आहेत. तो शब्द राखायचा म्हणून ती कधी दमायचीच नाही. ट्रक रखडला की तिच्या बरोबरीचा मॅनेजर योगराज हमालांवर ओरडून मोकळा व्हायचा. ती ओरडली तर कर्कश, रडली तर शेवटी बाईच. म्हणून ती माझ्याकडे यायची आणि क्रेटला टेकून बसायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, तापमान बघत होते.

मी तिची वाट पाहू लागले. माझ्यात जे येतं ते मऊ होतं; मला दुसरं काही येतच नाही. आणि इतकी फळं श्वास घेतात तिथं माणसाच्या वाट्याला हवा फारशी उरत नाही. आधी दार उघडून हवा खेळू द्यायची, मगच आत जायचं, हा नियम तिनंच घालून दिलेला.

त्या दुपारी शेठनी सगळ्यांदेखत विचारलं, धुळ्याच्या शाखेचं कामही सांभाळाल ना? ती हसून हो म्हणाली आणि तडक माझ्यात आली. दार ओढून घेतलं. तिचा श्वास लहान झाला, मंदावला, हळूहळू फळांच्या लयीत मिसळला. मला फार बरं वाटलं.

दार उघडलं ते केळी निवडणाऱ्या बायांच्या मुकादम यशोदाबाईंनी. त्यांनी तिला काखेत धरून ओढलं.

"बाहेर नींघ माय. आठे बठ्ठं पिकी जास. मानूस बी." माझ्यात सगळंच पिकतं, माणूसही, हे त्यांना ठाऊक होतं.

शेठ धावत आले. उपास होता का, ऊन लागलं का, विचारू लागले. यशोदाबाई तिला वाचवायला हो म्हणू लागल्या.

"उपास नव्हता," पुनम मॅडम म्हणाली. "मी दमलेय, शेठ. धुळं मला झेपणार नाही."

योगराजचं हसू मला दारातून ऐकू आलं. धुळं त्यालाच मिळालं. पुनम मॅडम अजून इथंच आहे, पण शेठ आता तिला गडी म्हणत नाहीत. ती येते तेव्हा दार सताड उघडं असतं, आणि तिचा श्वास तिचाच असतो.

बायांनो, दमलात तर उजेडात, चारचौघांत सांगा. माझ्याकडे येऊ नका. मी दुष्ट नाही, पण आत आलेल्याला परत जा म्हणणं मला जमत नाही.